फ्लेक्सवरचे रिकामे गोल

जिल्ह्यात कुठंही जा आणि चारचौघात मोठ्यानं म्हणा, "लैंगिक आरोग्य शिक्षण." पुढचा किस्सा आपोआप तयार होतो. कुणाच्या बशीतला चहा सांडतो, कुणाला अचानक फोन येतो, कुणाला मोटार चालू राहिल्याचं आठवतं आणि माणूस शेताकडं पळतो. आम्ही धाराशिवच्या कॉलेजातली पाच-सहा पोरंपोरी हा एकच विषय घेऊन फिरतोय. लोक विचारतात, तुम्हाला लाज कशी वाटत न्हाय? वाटायची की! पण किस्से एवढे साठले की लाजेला जागाच उरली न्हाय.

*

सुरुवात आमच्याच घरातनं झाली. आमचं गाव तेरच्या अलीकडं. धाकटी बहीण पल्लवी गावातल्या शाळेत दहावीला. एक दिवस वर्गात तिच्या ड्रेसला डाग लागला आणि मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. पोरगी कमरेला ओढणी बांधून घरी आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि म्हणली, मी आता शाळेत जाणार न्हाय.

मी समजावलं, आईनं समजावलं. तिचा हेका एकच. "विज्ञानातला प्रजननाचा धडा सरांनी त्या पोरांसमोर घ्यावा. मग जाते."

हा धडा आमच्या शाळेत कुणी शिकवलेलाच न्हाय. तो आला की पोरांना कबड्डी आणि पोरींना रांगोळी, अशी रीतच पडलेली. माझ्या वेळीही तेच. त्या दिवशी काढलेली रांगोळी मला अजून पाठ आहे. धड्यातलं एक अक्षर येत न्हाय.

इकडं आत्याचा फोन आला. पोरगी घरीच बसलीय तर चांगली स्थळं बघायला काय हरकत आहे? अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, हो म्हणलं न्हाय, पण नकोही म्हणलं न्हाय. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला लई भीती वाटली. आणि राग त्याहून जास्त आला, कारण आमचे अण्णाच शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष!

*

मी तडक हेडमास्तरांकडं गेले. माणूस वाईट न्हाय, मला गणित त्यांनीच शिकवलं. म्हणाले, बाळ, तू उगाच तापतेस, आपण जास्वंदीच्या फुलावरनं सगळं शिकवतो. पुंकेसर, स्त्रीकेसर, सगळं त्यात येतं. समजणारा समजतो.

मी म्हणलं, "सर, फुलाला पाळी येत न्हाय."

सरांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं, ते स्वतःच प्यायले आणि म्हणाले, वरून आदेश आला तर मी उद्या शिकवतो.

*

मग आम्ही वर गेलो. धाराशिवला, शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. निवेदनात एकच मागणी होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हा धडा पोरापोरींना एकत्र बसवून, वर्गाचं दार उघडं ठेवून शिकवावा. साहेबांनी वाचलं आणि पहिलं काम काय केलं असेल, तर उठून केबिनचं दार लावलं! मग पंखा फुल केला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पुढचा अर्धा तास आमचं सगळं बोलणं कुजबुजत झालं. साहेब त्याला शेवटपर्यंत "तो विषय" म्हणत राहिले.

शेवटी म्हणाले, तुम्ही लहान आहात, पालकांना का आणलं न्हाय?

आमच्यात दिग्या म्हणून एक आहे, मुरुमचा. बोलायला एक नंबर. तो म्हणला, "साहेब, त्यांना शिकवायचं राहून गेलं, म्हणून तर आम्ही आलोय."

साहेब हसले न्हायत. पण चहा मागवला. म्हणाले, गावोगावच्या शाळा समित्यांचे ठराव आणा, मग माझ्या हातात काहीतरी राहील. बाहेर आलो तर सगळे खूश, मी सोडून. समितीचा ठराव म्हणजे माझ्या घरातली खुर्ची. ती हलवायची कुणी?

*

गावोगाव जायचं तर फ्लेक्स पाहिजे. आपल्याकडं फ्लेक्सशिवाय कुणी ऐकत न्हाय. दुकानवाल्यानं वाढदिवसाचंच डिझाईन उघडलं, वरचा केक काढला आणि तिथं आमची मागणी टाकली. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंसाठी गोल असतात ना, तशी एक रांगच होती. फोटो द्या म्हणला.

आता दिग्याचा फोटो मुरुममधल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतो. दोस्ताच्या बैलाचा वाढदिवस होता, त्यावरही हा गॉगल लावून हसतोय. पण इथं म्हणला, "माझा नको. घरी कळंल." त्याचं बघून बाकीच्यांनीही माना फिरवल्या. मीही माझा फोटो दिला न्हाय, अण्णांच्या धाकानं. दुकानवाल्याला गोल काढायचा कंटाळा आला, त्यानं ते तसेच रिकामे छापून दिले.

घरी फ्लेक्स पसरून बघत होते तर आई आली. मी चेष्टेत म्हणलं, तुझा लावू का गं? ती भाकरी थापायला परत वळली.

"बायकांचा फोटो फ्लेक्सवर एकदाच लागतो," म्हणली. "श्रद्धांजलीला."

*

पहिली सभा मुरुमला, बाजाराच्या दिवशी. फ्लेक्स शाळेच्या गेटला बांधला. माणसं वरचं वाचत न्हवती, खालचंच विचारत होती. हे गोल रिकामे का? कुणाचे फोटो गळाले?

चौथ्यांदा विचारल्यावर माझं डोकं फिरलं. मी माईकवरनंच सांगितलं, "ज्यांची छाती झाली न्हाय, त्यांची जागा आहे ती."

दिग्याचे चुलते समोरच बसलेले. मिशीला पीळ देत म्हणाले, आमचा दिग्या असल्यात नसतो, बरं का. सगळे दिग्याकडं बघायला लागले. दिग्या लाल झाला. मग त्यानं पाकिटातनं पासपोर्ट फोटो काढला, माझ्याकडं चिकटपट्टी मागितली आणि सगळ्यांदेखत पहिल्या गोलात स्वतःला चिकटवलं.

"काका," म्हणला, "बैलाच्या वाढदिवसाला चालतो, मग इथं का न्हाय?"

मुरुमचा ठराव त्याच दिवशी झाला. दुसऱ्या गोलात मी माझा फोटो लावला. त्यानंतरच्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी पुढं यायचं. एक नर्सबाई आल्या, एक कबड्डीचा कोच आला. रांग भरत गेली, पण मधला मोठा गोल, जिथं एरवी पुढाऱ्याचा फोटो असतो, तो रिकामाच राहिला. त्यात बसायचं धाडस कुणी केलं न्हाय.

*

आणि मग आमच्या गावची पालक सभा. फ्लेक्स आदल्या दिवसापासनं आमच्याच घरात, धान्याच्या कोठीमागं गुंडाळून ठेवलेला. सकाळी अण्णा मला एवढंच म्हणले, "मी खुर्चीवर असताना हा विषय निघणार न्हाय." पल्लवी चुलीपाशी बसून ऐकत होती. तिचं दप्तर अजून त्याच कोपऱ्यात पडलेलं. आत्या पाहुण्यांना घेऊन रविवारी येणार होती.

सभेत शाळेच्या रंगाचा विषय झाला, पाण्याच्या टाकीचा झाला. अण्णा उठायला लागले तशी मी उभी राहिले आणि तो विषय काढला. मागच्या बाकावरच्या त्याच पोरांपैकी एकाचा बाप लगेच उसळला. म्हणाला, अध्यक्ष, पोरीला आवरा, हे असलं तुमच्या घरात तरी चालतं का?

अण्णांची मान खाली गेली. मी दिग्याला खूण केली. त्यानं आणि मी फ्लेक्स दोन्हीकडनं धरून उघडला.

सगळ्यांच्या माना फ्लेक्सच्या मधोमध वळल्या. मला कळंना काय झालं. मग मी वाकून बघितलं.

मधल्या गोलात आई होती. बचत गटासाठी काढलेला फोटो, डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. भाताच्या शितानं चिकटवलेला, एक शीत कडेला अजून ओलं.

आई बायकांत भिंतीला टेकून बसली होती. तोच बाप आवाज खाली घेऊन म्हणाला, "वैनी, तुमचा फोटो चुकून लागला का?"

आईनं पदर सारखा केला. "चुकून कसा लागंल? पल्लवीचा पण लावणार होते. ती म्हणली, धडा झाल्यावर."

अण्णा त्या फोटोकडं बघत उभे राहिले. मग हेडमास्तरांकडं वळले.

"सर, विज्ञानाचा तास कवा असतो?"

"सोमवारी, दुसरा," सर म्हणाले.

"घ्या मग तो धडा," अण्णा म्हणाले. "आणि मागच्या बाकावर माझ्यासाठी जागा ठेवा."