कारंजा शाखेची मॅनेजर

कुंकवाची थाळी मालकांनी माझ्या हातातून काढून घेतली. गिऱ्हाइकासमोर. हिसकावली नाही, हळूच घेतली, हसत. म्हणून जास्त लागलं.

वर्ध्यातलं मोटारसायकलींचं शोरूम. मी एमबीए, मार्केटिंगची. आमच्याकडे रीत होती, ज्यानं गाडी विकली त्यानंच तिला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, चाबी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. ही गाडी मी विकली होती. त्यांच्या घरी जाऊन, मुलाला, सुनेला, सगळ्यांना पटवून. मी थाळी उचलली तसं त्या घरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आडनाव काय तुझं, पोरी?"

सांगितलं. म्हातारा मालकांच्या कानाशी लागला. थाळी अकाउंट्समधल्या मुलीकडे गेली. मी बाजूला उभी राहिले. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

नंतर मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"मनाला लावून घेऊ नको, बेटा. मी जातपात मानत नाही. पण धंदा आहे. एमबीए केलं ना तू? ग्राहक राजा असतो, हे तर शिकवलंच असेल."

शिकवलं होतं. पेपरात लिहिलंही होतं मी.

मग म्हणाले, कारंज्याला नवी शाखा उघडतोय, तिथली मॅनेजर तू. "तुझ्यासारखं काम कोणी करत नाही. फक्त गाडी देताना आत बसत जा. पूजेचं दुसरं कोणी पाहील."

मी "हो सर" म्हटलं.

आंजीला, आमच्या गावी, घरी अर्धीच बातमी सांगितली. आई हातातलं काम टाकून विहारात गेली, मेणबत्त्या लावून आली. दादा ओट्यावर बसला होता. बाबा गेले तेव्हा तो बीएला होता. कॉलेज सोडून ट्रकवर गेला. माझं शिक्षण त्या ट्रकवर झालं.

"बस झालं आता," तो म्हणाला. "तू मॅनेजर झाली, मी गाडी सोडून राह्यलो. बीए पुरं करतो."

त्याला असं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. उरलेली अर्धी बातमी मी सांगितलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रकच्या शेठला, काम सोडतो म्हणून, सांगूनही टाकलं.

कारंज्याचं उद्घाटन. हायवेला लागून मांडव, ट्रकांच्या आवाजात भटजींचे मंत्र. पहिली गाडी घ्यायला एक जोडपं आलेलं. त्यांचं बुकिंग मीच केलं होतं. मालकांनी मला मानेनं खूण केली. आत जा.

केबिनला काच होती. आत बसून सगळं दिसणार होतं. दाराला हात लावला अन् कळलं, हे आजचं नाही. रोजचं आहे. रोज गाडी विकायची, अन् रोज काचेमागून पाहायची. एवढ्यासाठी दादानं कॉलेज सोडलं?

परत फिरले.

"सर, मी आत बसणार नाही. गाडी मी विकली, चाबी मीच देणार."

"तमाशा करू नको. लोक पाहतायत."

"पाहू द्या."

"मग घरी जा."

गेले.

एसटीत बसले तेव्हा छाती फुगली वगैरे नव्हती. दादाला काय सांगू?

सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवेल. नाही ठेवला.

"मले एक फोन तं करायचा होता."

"केला असता तर काय म्हटलं असतं?"

तो म्हणाला, "म्हन्लं असतं, बस आत. काय जाते बसायले?" अन् माझ्याकडे न पाहता, "बरं झालं, नाई केला."

शेठच्या दारात पुन्हा उभं राहायला तो एकटाच गेला. शेठनं ठेवून घेतलं, पण लांबच्या रूटवर. आता महिना महिना घरी येत नाही. येतो तेव्हा कमरेला डॉक्टरनं दिलेला पट्टा बांधलेला असतो. बीएचं नाव तो काढत नाही. मीही काढत नाही. आई वाढता वाढता म्हणते, "थोडं सबुरीनं घ्याचं होतं, बाई." ताटातला घास गिळताना मला माझीच लाज वाटते. मान मी ताठ ठेवली, पाठ त्याची मोडून राहिली.

मी मुलाखती देते. वर्धा, नागपूर, बोलावतील तिथे. शेवटी साहेब लोक हमखास म्हणतात, "तुम्हाला काही विचारायचं आहे?" पगाराचं, बढतीचं विचारावं, अशी त्यांची अपेक्षा असते.

मी विचारते, "गिऱ्हाइकानं माझी जात विचारली, तर तुम्ही कोणाच्या बाजूनं उभे राहाल?"

कोणी कागद चाळतं, कोणी घड्याळ पाहतं. अजून कोणी परत फोन केलेला नाही.

एवढा एक प्रश्न गिळला तर दादा लवकर ट्रकवरून उतरेल. मला ते माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

सोमवारी पुन्हा मुलाखत आहे. मी विचारणार.