मुनशीचा खोकला

निरोगी तट्टू नावाची वस्तू जगात असते, यावर आमच्या दाजींचा विश्वास नव्हता. माझ्या थोरल्या अक्काचे हे यजमान राजेश्वर गावचे. निजामाच्या अमलात ते गावोगावचे आठवडी बाजार फिरून हळद, सुंठ, ओवा, हिंग विकत. माल लादायला त्यांच्याकडे मातकट रंगाचं एक तट्टू होतं. तहसिलीतला मुनशी बोलण्याआधी घसा खाकरतो, तसं ते चालण्याआधी खोकायचं, म्हणून त्याचं नाव मुनशी. मी मणी-फण्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून दाजींच्याच सोबतीनं बाजार करी, आणि त्या तट्टाची दुखणी ऐकून ऐकून मीच अर्धा झालो होतो.

मुनशीला काय होत नसे ते विचारा. खोकला तर बारमाही. थंडीत खुरांना भेगा पडत, उन्हाळ्यात अंगाला खाज सुटे, पावसाळ्यात पोट फुगे. दाजी सकाळी उठून आधी त्याची लीद बघत आणि मग तोंड धूत. लीद मनासारखी नसली तर त्या दिवशी अक्काच्या भाकरीलाही चव लागत नसे. विकायला आणलेल्या ओव्या-सुंठीतला बराचसा भाग मुनशीच्या काढ्यात जाई. काढा कितपत उतरलाय हे बघायला दाजी आधी स्वतः पेलाभर पीत आणि मग त्याला पाजत. चव बघायला बोट बुडवलं तरी पुरतं, असं अक्का म्हणायची. ते दाजींना कधी ऐकू आलं नाही. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गोणी उघडायला सांगितली, की दाजी त्याला मुनशीच्या घशाची साद्यंत हकिकत सांगायला बसत. एकदा ती ऐकलेला शिपाई पुढच्या खेपेला आम्हाला लांबूनच हात करून जा म्हणे.

वाटेचं तर बोलायलाच नको. हळ्ळीखेडच्या बाजाराला लोक ऊन चढायच्या आत पोचत. आम्ही पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असत. चढ आला की दाजी थांबत, चिंच दिसली की थांबत, ओढ्याला पाणी असो नसो, तिथंही थांबत. "तम्मा, तेला दम लागलाय, जरा टेकू," असं ते म्हणत. आमच्याकडं कानडीच्या सवयीनं धाकट्याला तम्मा म्हणतात. आम्ही टेकलो की मुनशी बांधावरचं गवत मन लावून खाई. दम लागलेलं जनावर इतक्या आवडीनं कसं खातं, हा प्रश्न मला पडे, पण विचारायचं त्राण नसे.

अक्का या सगळ्याला विटली होती. हुमनाबादचा एक टांगेवाला गवत वाहायला म्हणून मुनशीला न्यायला तयार होता. कारहुणवी झाली की जनावर त्याच्याकडं जाईल, असं तिनं सांगून टाकलं. दाजींचा चेहरा उतरला. कारहुणवी हा आमच्याकडचा बैलांचा सण, आणि दाजींच्या दावणीला बैल नव्हता. त्यांनी मुनशीलाच न्हाऊ घातलं, शिंगं नाहीत म्हणून कानांना गोंडे बांधले, अक्काकडून ओवाळून घेतलं, आणि शेजारच्या बैलांना मिळाली तशी पुरणपोळी त्यालाही चारली. तीही ताटभर, आता हा परका होणार म्हणून. बैलाला पचतं ते तट्टाला पचत नाही. दुपारी मुनशीचं पोट टम्म फुगलं आणि तो मान वळवून पोटाकडं बघत लोळायला लागला.

लोळू दिलं तर आतड्याला पीळ पडतो, म्हणून दाजींनी दोर धरला आणि त्याला देवळाभोवती फिरवायला सुरुवात केली. मी दोर मागितला तर देईनात. गावचे सजवलेले बैल वाजत-गाजत वेशीकडं चालले होते आणि आमची ही जोडी देवळाला चकरा घालत होती. शेवटी मुनशीनं मोठा आवाज करून वारा सोडला आणि त्याचं पोट उतरलं. तो नीट उभा राहिला. दाजी मात्र ओट्यावर बसले ते उठेनात. त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. दोर सुटला तरी मुनशी हलला नाही. थांबायची त्याला सवयच होती. एवढ्यात अक्का काढ्याचं भांडं घेऊन आली. तिनं तट्टाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. वाटेतले सगळे चढ आणि सगळ्या चिंचा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

"आधी तुमी प्या," ती म्हणाली. "तेचं मग बघू."

जनावर द्यायचं नाही, असा निरोप तिनंच टांगेवाल्याला धाडला. त्या दिवसापासून ती काढा दुप्पट करू लागली. दाजींच्या दम्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. खोकला मुनशीचाच राहिला.

पुढं एका थंडीत मुनशी बसला तो उठलाच नाही. दाजींनी गोण्या झटकून घडी घालून ठेवल्या आणि बाजार बंद केला. मी समजूत घातली, आपण सावकाश जाऊ, लागेल तिथं बसू, ओझं मी घेतो. ते रिकाम्या दावणीकडं बघत होते.

"न्हाई तम्मा," ते म्हणाले. "आता थांबायचं कुणाच्या नावावर?"

आता मी एकटाच जातो. ऊन चढायच्या आत हळ्ळीखेडला पोचता येतं, जागाही चांगली मिळते, पण जीव रमत नाही. कधी कधी चिंचेखाली गाठोडं उतरवून उगाच टेकतो. वाटेनं जाणारं कुणीतरी विचारतं, कामून बसलाव? मी गाठोडं उचलून वाटेला लागतो.