नीलांबरीचं केळवण

सदुसष्ट वर्षांच्या विधवा बाईचं केळवण करतात का, असं मला एका आठवड्यात चार जणींनी फोन करून विचारलं. चौघींना मी एकच सांगितलं: मी करते आहे, शनिवारी बारा वाजता, यायचं तर या, आणि गाड्या शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेपुढे लावू नका.

केळवण लग्नाआधी करतात हे मलाही माहीत आहे. मुलगी आता दुसरीकडे नांदायला जाणार, म्हणून तिला आपल्या हातचं, तिच्या आवडीचं, पोटभर जेवू घालायचं. नीलांबरीसुद्धा न्यू जर्सीतलं आमचं आयसेलिन सोडून इटलीत त्रिएस्ते नावाच्या गावी राहायला निघाली होती. कायमची. नवरामुलगा नव्हता, एवढाच फरक. इथे कोणी निघालं की सेंड-ऑफ पार्टी करतात, म्हणजे कागदी प्लेटमध्ये गार पिझ्झा आणि वर नाव लिहिलेला केक. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला केक कापून वाटेला लावायचं मला जमणार नव्हतं.

आमची ओळख बसस्टॉपवरची. पंच्याऐंशी सालचा जानेवारी. दोघी नूअर्कला नोकरीला जायचो, ती एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर, मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. तेव्हा ओक ट्री रोडवर आपली दुकानं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच होती. रस्त्यात कपाळावर टिकली दिसली की माणूस आपण होऊन बोलायला जायचं. आता त्याच रस्त्यावर शनिवारी पार्किंग मिळत नाही आणि कोणी कोणाकडे बघतही नाही. असो.

त्या दिवशी वारा असा सुटला होता की माझी छत्री उलटी झाली. मी नागपूरची, मला ऊन समजतं, वारा समजत नाही. मी त्याला खणखणीत मराठी शिवी दिली. शेजारी उभी असलेली किडकिडीत मुलगी खुदकन हसली.

"हा काय वारा!" ती म्हणाली. "आमच्याकडे वारा सुटला की रस्त्याच्या कडेनं दोर बांधायचे, लोकांना धरून चालायला."

"आमच्याकडे म्हणजे कुठे? पुण्याला?"

"त्रिएस्तेला."

माहेर पुण्याचं, नवरा जर्सीतला, आणि ही 'आमच्याकडे' म्हणते ते इटलीतल्या गावाला! हिच्याशेजारी बसावं की चार सीट पुढे, असा मी विचार केला. शेजारी बसले. मग रोजच बसत गेले.

तर ती हकीगत अशी. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर तिला त्रिएस्तेची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. चोविसाव्या वर्षी पुण्याची मुलगी एकटी तिकडे गेली. नेरीना नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घरात तिसऱ्या मजल्यावर तिला खोली मिळाली. खिडकीतून समुद्र दिसायचा. नेरीनाबाई दोन खोल्या परदेशी विद्यार्थिनींना द्यायच्या आणि त्यांच्यावर आईसारख्या ओरडायच्या. वारा सुटला की नीलांबरीच्या खांद्याला बटाट्यांनी भरलेली पिशवी अडकवायच्या. "तू फार हलकी आहेस, उडून जाशील," म्हणायच्या. ही बटाटे घेऊन क्लासला जायची आणि तेच बटाटे परत घेऊन यायची. शेवटी शेवटी ते मऊ पडायचे, मग त्यांची भाजी. नेरीनाबाईंना आपली मोहरी-हिंगाची बटाट्याची भाजी फार आवडायची म्हणे. उन्हाळ्यात सगळं गाव समुद्राकाठच्या काँक्रीटवर टॉवेल टाकून पडलेलं असायचं, त्यात आजीबाईसुद्धा. कॉफी छोट्या काचेच्या पेल्यात मिळायची, आणि तिला 'कापो इन बी' म्हणायचं. ह्या कापोपायी नीलांबरीनं ह्या देशातल्या एकाही कॉफीला आयुष्यात चांगलं म्हटलं नाही.

"इथे बादलीभर देतात," म्हणायची. "कॉफी काय आंघोळीला हवी असते?"

पुढे वडिलांनी स्थळ बघितलं. शशिकांत, न्यू जर्सीत इंजिनियर. ती आली. फिजिक्स सुटलं.

शशिकांत वाईट नव्हता हो. तिच्या गोष्टी ऐकायचा, पाहुण्यांसमोर कौतुकानं "आमची इटालियन बायको" म्हणायचा. पण सुट्टी मिळायची वर्षाला दोन आठवडे, आणि ते दोन आठवडे पुण्यालाच जायचे. आपण सगळ्यांनी हेच केलं आहे. मोठमोठ्या सुटकेसी, त्यात सगळ्या भाच्यांसाठी चॉकलेटं, आणि परत येताना त्यांतच मेतकूट आणि गोडा मसाला. मध्ये युरोप यायचा तो विमानाच्या खिडकीतून, खाली, ढगांच्या आड. एकदा रोमला विमान बदलायचं होतं. नीलांबरी विमानतळावरच्या कॉफीच्या काउंटरशी उभी राहिली आणि तिथल्या माणसाशी इतकं बोलली, इतकं बोलली की पुढचं विमान चुकता चुकता राहिलं. नीनाचा, म्हणजे लेकीचा, हात धरून शशिकांत गेटपाशी घामाघूम. तो म्हणाला, "रिटायर झालो की त्रिएस्तेलाच राहू महिनाभर, शप्पथ." रिटायर झाला, आणि त्याच वर्षी हार्टनं गेला.

गेल्या वर्षी ती एकटीच जाऊन आली. नेरीनाबाईंना जाऊन जमाना झाला होता, बेलवर दुसरंच नाव होतं. ही खालच्या कॉफीच्या दुकानात गेली, कापो मागितला, आणि तिथला पोरगा म्हणाला, तुमची भाषा माझ्या आजीसारखी आहे. परत येऊन तिनं मला हे माझ्या किचनमध्ये सांगितलं तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. ती म्हणाली, "देवयानीताई, मी तिकडेच राहायला जाते. दोन जास्तीच्या खोल्या असलेलं घर भाड्यानं घेते. शिकायला आलेल्या मुलींना देते. आपल्याकडच्या, आफ्रिकेतल्या, कुठल्याही."

"आणि त्यांच्यावर ओरडतेस?"

"ओरडते. बटाटे देते."

मी म्हटलं, जा. लगेच म्हटलं. मागाहून वाईट वाटलं ते माझं मी बघून घेतलं.

घर विकायला काढलं, लगेच विकलंही गेलं. सगळं व्यवस्थित झालं. एक सोडून. तिनं नीनाला सांगितलं नव्हतं.

नीना पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला असते, सॉफ्टवेअरमध्ये. नवराही तिथेच, आणि आर्य नावाचा मुलगा. आईनं घर विकलं ते आपल्याकडे राहायला येण्यासाठी, असं नीना धरून चालली होती आणि आईनं तिला तसं धरून चालू दिलं होतं. दर रविवारी फोनवर नीना खालच्या मजल्यावरच्या खोलीबद्दल सांगायची. रंग लावला, गाद्या आणल्या, फोडणीचा वास वर येऊ नये म्हणून खाली वेगळी शेगडी बसवली. आणि ही इकडून "हो का, छान," म्हणायची.

"अगं, सांग तिला!" मी ओरडले.

"सांगते. पुढच्या रविवारी."

असे किती रविवार गेले. तेवढ्यात मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला: 'शनिवारी दुपारी माझ्याकडे नीलांबरीचं केळवण. ती इटलीला चालली आहे. यावे.' ह्या मेसेजमध्ये काय चूक आहे ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. पण सुलेखाचा फोन पाच मिनिटांत आला.

"देवयानीताई, कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"इटालियन! आपण इतक्या वर्षांच्या मैत्रिणी, आम्हाला पत्ता नाही! व्हेजिटेरियन आहे का तरी?"

मी समजावलं. सुलेखाला समजावलेलं तिच्यापाशी राहतं, पण आधी सांगितलेलं पुढे गेलेलं असतं. तिची भाची रेडमंडला नीनाच्या ऑफिसात. शुक्रवारी सकाळी भाचीनं नीनाला कॉफी मशीनपाशी गाठून अभिनंदन केलं.

शनिवारी अकराला बेल वाजली. दारात नीना, अंगात रेनकोट, पाठीवर लॅपटॉपची बॅग, डोळे रात्रभर विमानात जागून लाल.

"काकू, इज शी हियर?"

ती किचनमध्ये होती, श्रीखंडात वेलची घालत होती. मी कुरडया तळत होते. मायलेकींना एकांत द्यावा वगैरे मला कळतं, पण कढईत तेल तापलेलं होतं आणि किचन माझं होतं.

"आई, आर यू गेटिंग मॅरीड?"

"कोणाशी?" नीलांबरी दचकून म्हणाली.

"दॅट्स व्हॉट आय अ‍ॅम आस्किंग!"

"नाही गं बाई. लग्न कसलं! मी... मी नुसती राहायला चालले आहे. त्रिएस्तेला."

"फॉर हाउ लाँग?"

नीलांबरी वेलचीच्या डबीचं झाकण लावत बसली. कुरडई करपली. शेवटी म्हणाली, "कायमची."

नीना खुर्चीत बसली. रेनकोट तसाच. मग चक्क मराठीत म्हणाली, "मी तुझ्या बाथरूममध्ये धरायला हँडल्स लावले, आई. मी स्वतः ड्रिल केलं."

मला वाटलं आता ही मोडणार. हो, जाते रेडमंडला, म्हणणार. मी ओळखते तिला. आयुष्यभर दुसऱ्यानं मांडलेल्या पाटावर मुकाट बसत आलेली बाई ती. मी कढईकडे बघत उभी राहिले. बोलायला जीभ शिवशिवत होती, म्हणून दुसरी कुरडई सोडली.

"मला माहीत आहे," नीलांबरी म्हणाली. "म्हणून तर सांगवेना. तू इतकं केलंस, आणि मला ते नको आहे, हे कसं सांगायचं?"

"यू कुड हॅव गॉन एनी टाइम. व्हाय नाउ?"

"कधी जाणार होते? तुझी शाळा, मग बाबांचं हार्ट, मग तुझं बाळंतपण. ते सगळं मी मनापासून केलं, त्याचं काही नाही. आता गुडघे बदलून घेतलेत, ते नवे आहेत तोवर जाते."

"अँड इफ यू फॉल?"

"तुम्ही दोघं आठ वाजता ऑफिसला जाता. तिथे पडले तर मला संध्याकाळपर्यंत कोण उचलणार? त्रिएस्तेत निदान रस्त्यात माणसं असतात."

नीना उठली. तोंड धुवायला आत गेली. बेल पुन्हा वाजली आणि बायका यायला लागल्या.

पानं मांडली. नीलांबरीच्या पानाभोवती मी रांगोळी काढली. वाढायला अळूची भाजी, वरण-भात, श्रीखंड, तिला हवी म्हणून बटाट्याची भाजी. ओटी भरायला घेतली तेव्हा सुलेखा माझ्या कानाशी आली. "विधवेची ओटी भरतात का हो?" मी म्हटलं, "मी भरते. तुला नको असेल तर तू पापड वाढ." ती निमूट पापड वाढायला गेली. नीना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, पानातलं नुसतं चिवडत. सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळ्या हवापाण्यावर बोलत होत्या.

शेवटी सुलेखानंच कोंडी फोडली. तिला शांतता सहन होत नाही, तो तिचा एक गुण.

"केळवण आहे ना? मग नाव घ्या!"

"घ्या, घ्या! नाव घेतल्याशिवाय श्रीखंड नाही!"

नीलांबरी लाजली. सदुसष्टाव्या वर्षी, खरोखर लाजली. शशिकांत गेल्यापासून तिनं नाव घेतलं नव्हतं, कोण घ्यायला सांगणार? तिनं घास खाली ठेवला, जरा वेळ खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि टेबलाच्या त्या टोकाकडे बघत म्हणाली,

"दोन समुद्र ओलांडले, तिसऱ्याचा धरते काठ,
शशिकांतरावांचं नाव घेते, नीना, थोपट माझी पाठ."

बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"थोपट म्हणजे?" नीनानं मला विचारलं.

सांगायची सोय नव्हती, माझ्या तोंडात घास होता. सुलेखानं शेजारच्या बाईच्या पाठीवर दोनदा हात मारून दाखवला. नीना उठली. टेबलाला वळसा घालून आली, आईच्या मागे उभी राहिली. हात उचलला, तो तसाच धरला, मग पाठीवर ठेवला. थोपटलं नाही, नुसता ठेवला. मग वाकून म्हणाली, "ऑगस्टमध्ये आर्यला घेऊन येते. देअर इज ए.सी., राइट?"

"नाही," नीलांबरी म्हणाली. "समुद्र आहे. टॉवेल आणा."

"आणि ते हँडल्स मी शिप करते. त्यावर आर्ग्युमेंट नको."

"बरं."

सोमवारी मी तिला विमानतळावर सोडलं. ओटीतला नारळ सुटकेसच्या वजनात बसेना, तो तिनं माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. पार्किंगमध्ये वारा सुटला होता. ती आत शिरेपर्यंत मी पाहत होते, एका हातात बॅग, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला, सवयीनं. अजून हलकीच आहे. परत येताना नारळ प्रत्येक वळणावर सीटवरून घरंगळत होता. शेवटी मी त्याला सीटबेल्ट लावला.