वैशालीला दूध होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंसुद्धा नाही — तिथं हात जोडले की मी दुसरंच काहीतरी मागत बसते. आज तुम्हाला सांगते. मधेच थांबले तर थांबू द्या.

वैशाली माझी धाकटी जाऊ. तिची आई लग्नाआधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याच घरी, कोल्हापुरात. पुढं घर, मागं म्हशींचा गोठा. मुलगी झाली. वैशाली तिला छातीशी धरायची आणि पोरगी चट्‌ चट्‌ करत ओढायची, सोडायची, किंचाळायची. तो आवाज — काय सांगू! अजून कुठं तसा कानावर आला तर अंगावर काटा येतो माझ्या.

काय चुकतंय ते मला दारातनंच दिसलं होतं. पोरीच्या तोंडात नुसतं टोक जात होतं. माझ्या थोरल्याच्या वेळी माझंही तसंच झालेलं, चिरा पडून रक्त यायचं. मावशीनं शिकवलं तेव्हा — बाळाचं पोट आपल्या पोटाला लाव, त्यानं मोठा आ केला की चटकन जवळ घे, टोकाभोवतीचा काळा भागसुद्धा तोंडात जाऊ दे, हनुवटी छातीला टेकू दे. मग चट्‌ चट्‌ होत नाही. घोट गिळलेला तेवढा ऐकू येतो.

एवढंच. हे सांगायला मला किती वेळ लागला असता?

मग का नाही सांगितलं? सासूबाई आल्या-गेल्याला म्हणायच्या, "धाकटीला काय शिकवाय लागत न्हाय बघा." मी शेणात हात घालणारी, ती शिकलेली, गोड बोलणारी. जळायचे मी तिच्यावर — सरळच सांगते. म्हटलं, शिकवायला लागत नाही ना? मग रडू दे की एक दिवस!

एकाचे दोन झाले, दोनाचे चार. त्यातच म्हैस व्याली. रेडकू अशक्त, त्याला सड धरता येईना. मी खाली बसले, बोटानं त्याचा जबडा उघडला, सड आत दिला, प्यायला लागलं तशी पाठ थोपटली. आतल्या खोलीत पोरगी रडून रडून घोगरी झालेली. मला ऐकू येत होतं. रेडकाचं केलं, पोरीचं केलं नाही.

आणि नुसती गप्प बसले असते तरी... वैशालीनं मला विचारलं होतं. "अक्का, माझं काय चुकतंय हो?"

"चुकत न्हाय गं," मी म्हणाले. "तुला दूधच न्हाय. असतंय एकेकीचं तसं."

तिचा पदर दुधानं ओला होता. माझ्या डोळ्यांसमोर होता!

बाटली आली. पोरीला जुलाब लागले, दवाखान्यात ठेवावं लागलं, कशीबशी वाचली. वैशालीचं दूध आटलं. तेव्हापासून कुठल्याही बारशाला गेली की ती स्वतःहून सांगते — मी माझ्या पोरीला पाजू शकले न्हाय. मी शेजारीच बसलेली असते.

गेल्या महिन्यात वैशालीची तीच पोरगी बाळंत झाली. पुन्हा तेच, चट्‌ चट्‌. वैशाली म्हणाली, "आमच्या रक्तातच न्हाय बाई, पावडरचा डबा आणा." मला ऐकवेना. पुढं झाले, बाळाला वळवलं, आ केल्याबरोबर जवळ घेतलं. लागलं प्यायला. खोलीत दुसरा आवाज नाही, नुसते घोट.

वैशाली माझ्या हातांकडं बघत राहिली. "अक्का, हे तुमास्नी कवापासनं येतंय?"

तोंड उघडायची वेळ हीच होती. आणि मी म्हणाले, "परवा मोबाईलवर बघितलं."

तिला ते खरं वाटलं. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "त्या टायमाला आपल्याकडं मोबाईल असता तर, न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.