झिजलेली नाल

डोंगरावरच्या त्या गावात लाल मातीची वाट होती, तोवर घोड्यांना साधी नाल पुरायची. आता उतारावर सिमेंटचे ठोकळे बसवलेत. त्यांवर साधी नाल घसरते, म्हणून पर्यटकांच्या लांबच्या फेऱ्यांसाठी टाचेकडे उंचवटे असलेली नाल मारावी लागते.

परवा तिथे नालबंद एका काळ्या घोड्याच्या पुढच्या पायाची नाल उपटत होता. ती झिजून पार गुळगुळीत झाली होती. घोड्याचे गुडघे सोललेले होते आणि त्यांवर माश्या बसत होत्या.

"इतकी झिजेपर्यंत कशाला ठेवलीत?" मी मालकाला विचारलं.

"दारावर ठोकायला लोकांना झिजलेलीच लागते, साहेब. नवीला गुण नसतो म्हणतात."

जी नाल घोड्याला धड उभं राहू देईना, ती आता कुणाचं तरी घर सावरणार होती. आपल्याला नशीबसुद्धा दुसऱ्याच्या पायातून उपटलेलंच हवं असतं.

नालेसाठी वाट बघत उभ्या असलेल्या एका बाईंनी ती नाल रुमालात घेऊन कपाळाला लावली. घोड्याच्या गुडघ्यावरून ओघळलेलं रक्त नालेवर सुकलं होतं. त्यांचा नवरा ते पुसायला लागला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. खरी आहे, हे तरी कळेल."