थोरल्याची हजेरी

दुष्काळात पाटोद्याकडच्या आमच्या सोसायटीनं जनावरांची छावणी चालवली, तेव्हा हजेरीची वही माझ्याकडे होती. दावणीला जनावर आणि शेजारी त्याचा मालक दिसला, तरच चारा. इतर ठिकाणी कागदावरच गुरं चरायची. माझ्या वहीत एकही खोटी खूण नव्हती. त्याचा मला केवढा तोरा!

माझा थोरला भाऊ दोन बैल आणि एक गाय घेऊन तिथंच राहायचा. बिडीची सवय जन्माची. तीन-तीन गोळ्या खाऊनही त्याचा बीपी उतरेना. बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून चरबी साचून अरुंद झाल्यात. रक्त कमी पोचतं, म्हणून मूत्रपिंडांना वाटतं साऱ्या अंगातच तुटवडा आहे, आणि ती दाब वाढवत बसतात. डॉक्टरांनी नवी गोळी दिली, पण बजावलं: अशा आजारात हीच गोळी मूत्रपिंडांना बाधू शकते, आठव्या दिवशी रक्त तपासायचंच.

आठव्या दिवशी नेमकी छावणीची सरकारी तपासणी आली. दादा पिशवी घेऊन निघालेला.

"आज कुठं चाललास, दादा? मालक दिसला न्हाई तर जनावरं कमी करतेत."

"डाक्टरनं लई बजावलंय रे. तू लिही की हजर."

"भावाचीच खोटी हजेरी लावू व्हय? चार दिसांनी जा. रगत कुठं पळून चाललंय का?"

तो हसला आणि दावणीला जाऊन बसला. मग लसीकरण आलं, मग चाऱ्याचा ट्रक. दर वेळी मीच त्याला थांबवलं. टँकरचं पाणी तो आधी गुरांना पाजायचा, उरलं तर स्वतः प्यायचा. त्याला मळमळू लागलं, पाय सुजले. ऊन लागलं असेल म्हणून मी लिंबू-मीठ पाजत राहिलो. शेवटी बीडला नेलं. रक्त तपासून डॉक्टरांनी गोळी बंद केली, पण तिनं बाधलेली मूत्रपिंडं काही पुन्हा सावरली नाहीत.

"तपासायला का आला नाहीत?" डॉक्टर कडाडले.

"ध्यानातूनच गेलं, सायेब," दादा म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो.

आता आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला मीच नेतो. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "धाकट्यानं लई केलं थोरल्याचं." दादा माझ्याकडे बघत मान डोलावतो, आणि खरं काय ते मी तिलाही सांगत नाही.