मागे पडलेली भरल

मे महिन्यात हिमाचलमधल्या एका राष्ट्रीय उद्यानात आम्ही दोघं नवरा-बायको पायी चढत होतो. श्रीधरच्या हृदयाच्या ऑपरेशननंतरची ही पहिलीच चढण. समोरच्या उतारावर भरल दिसल्या, म्हणजे करड्या-निळसर रानमेंढ्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला. कळप वर सरकत होता आणि एक म्हातारी मादी लंगडत बरीच मागे पडली होती. जरा वेळानं बाकीच्या थांबल्या. एकीनंही मागे वळून पाहिलं नाही, नुसत्या गवत खुडत राहिल्या. ती पोचली, तिनंही दोन घास खाल्ले, मग सगळ्या निघाल्या.

त्या तिच्यासाठी थांबल्या की गवतासाठी, कोण सांगणार! पण कुणासाठी थांबायचं आणि ते त्याला जाणवू द्यायचं नाही, हे माणसाला किती अवघड जातं.

मी श्रीधरला फोटो दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सकाळपासून तू दर वळणावर थांबून फुलांचे फोटो काढतेयस. फुलांसाठीच ना?"

"फुलं सुंदर होती रे."

"होती खरी," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेऊन सावकाश चढू लागला.